राष्ट्राध्यक्षांचा हुकूम आणि आमचं औषधांचं कपाट

"हे घे बाई. मोजून घे आणि मिळाल्याची पोच दे."

प्रभाकरकाकांनी आमच्या फार्मसीच्या खिडकीत श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा ठेवला आणि झाकण उघडलं. आत पांढऱ्या गोळ्या, सगळ्या सुट्ट्या. वेलचीचा वास आला.

मी नुकतीच येऊन कोट अडकवत होते. कॉम्प्युटरसुद्धा अजून सुरू व्हायचा होता.

"काका, हे काय?"

"गोळ्या. उरलेल्या सगळ्या. काल रात्रीची घेतली नाही, आज सकाळचीही नाही. आता त्या आपल्या नाहीत ना!"

"आपल्या नाहीत? मग कुणाच्या?"

"अमेरिकन सरकारच्या. काल त्या राष्ट्राध्यक्षानं सही केली. परदेशातल्या संशोधनाला पैसा बंद. मी स्वतः बघितलं टीव्हीवर. जाड काळ्या पेनानं सही केली आणि कॅमेऱ्याला दाखवली. नीलिमा, म्हटलं, आपल्यामुळे तुला त्रास नको. उद्या कुणी जाब विचारला तर?"

मी कपाळावर हात मारला. रागावू की रडू, काही कळेना. शेवटी रागावलेच. मला तेच आधी येतं.

थोडं माझ्या कामाबद्दल सांगते, म्हणजे मी एवढी का भडकले ते कळेल. मी नॉटिंगहॅमच्या एका सरकारी हॉस्पिटलात क्लिनिकल ट्रायल्सची फार्मसिस्ट आहे. नवीन औषध बाजारात येण्याआधी ते पेशंटांना देऊन, नीट नोंदी ठेवून तपासतात. त्याला ट्रायल म्हणतात. ही औषधं नेहमीच्या शेल्फवर नसतात. त्यांचं वेगळं, कुलपातलं कपाट असतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते. कुठली बाटली कधी आली, कुणाला दिली, किती गोळ्या परत आल्या, सगळ्याची जबाबदारी माझी. आमचे हे म्हणतात, घराची किल्ली हिला सापडत नाही, कपाटाची मात्र झोपेतही सापडते.

काकांना मायस्थेनिया नावाचा आजार आहे. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. आधी पापण्या पडतात, मग चावायला आणि गिळायला त्रास होतो आणि फारच बिघडलं तर श्वास घेणारे स्नायूही दमतात. मग माणूस थेट व्हेंटिलेटरवर. काका स्वतःच्या भाषेत सांगायचे, "मेंदू हुकूम सोडतो गं, पण पापणी ऐकत नाही. माझ्याच तोंडावर माझी सत्ता चालत नाही."

जुनी औषधं त्यांना सोसली नाहीत. म्हणून ते या ट्रायलमध्ये आले. नवीन गोळी त्यांना मानवली. भाकरी चावता यायला लागली, फोनवर पुण्याच्या बहिणीशी पुन्हा भांडता यायला लागलं. फक्त एक अट होती. गोळी अचानक बंद करायची नाही. करायचीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. नाहीतर आजार उसळून येतो.

हे मी त्यांना दर भेटीत सांगत आले होते. दर भेटीत ते मान डोलावत आले होते.

"काका, तुम्हाला अचानक बंद करायची नाही म्हणून सांगितलं होतं ना? का मी भिंतीशी बोलत होते?"

"अगं, पण ते औषधाबद्दल होतं. हे सरकारबद्दल आहे."

काका इथल्या बस कंपनीत इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना त्यांनी कंपनीचा पास आधी ऑफिसात देऊन टाकला आणि तिकीट काढून बसने घरी गेले. हा किस्सा ते स्वतःच कौतुकानं सांगायचे. अशा माणसाला काय समजावणार? वर आमच्याकडच्या त्या पिढीचं आणखी एक. सरकार म्हणजे सरकार. कुठल्याही देशाचं असो, त्याचं आपल्याकडे काही राहता कामा नये.

"मूळ बाटल्या कुठे आहेत?"

"धुऊन रीसायकलिंगला टाकल्या. आज आमच्याकडे कचऱ्याचे बिन उचलतात."

माझं डोकंच फिरलं. त्या बाटलीत दमटपणा शोषणारी एक छोटी पुडी असते. या गोळीला हवा लागली की ती मऊ पडते. मी डब्यातली एक उचलून बघितली. बोटाखाली कड दबली. शिवाय आमच्या धंद्याचा साधा नियम आहे. पेशंटकडून परत आलेलं औषध पुन्हा कुणालाही देता येत नाही, त्यालाही नाही. ते फक्त नष्ट करायचं. म्हणजे काकांना त्या दिवशीच नवीन बाटली द्यायला हवी होती.

माझ्या मते हे अगदी सोपं काम होतं. कपाट माझ्या मागेच होतं.

मी कॉम्प्युटर सुरू केला आणि इमेल उघडली. काकांना माझ्या आधी बातमी लागली होती.

ही ट्रायल अमेरिकेतली एक युनिव्हर्सिटी चालवते. ती स्पॉन्सर. स्पॉन्सर म्हटलं की लोकांना पैसे देणारा वाटतो. आमच्यात स्पॉन्सर म्हणजे ट्रायलची जबाबदारी घेणारा. पैसे तिला अमेरिकन सरकारच्या एका संशोधन खात्याकडून मिळतात. युनिव्हर्सिटीच्या इमेलमध्ये लिहिलं होतं: राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानुसार परदेशातल्या सर्व केंद्रांनी सर्व काम ताबडतोब थांबवावं. खाली आमच्या रिसर्च ऑफिसच्या मार्टिनची पुस्ती: कपाट बंद. आजपासून एकही बाटली बाहेर जाणार नाही.

मार्टिन आमच्या हॉस्पिटलातल्या सगळ्या ट्रायल्सचा मॅनेजर. माणूस वाईट नाही. स्वतःचा चहा करताना दुसऱ्याला विचारतो. पण वरून काही आलं की त्याचं धाबं दणाणतं. मी काकांना बाहेरच्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्या खोलीत गेले.

"मार्टिन, माझा एक पेशंट बाहेर बसलाय. त्याचे दोन डोस चुकलेत. मला त्याला बाटली द्यायची आहे."

"शक्य नाही. इमेल वाचलीस ना? सर्व काम."

"गोळी गिळणं हे माझं काम नाही, त्याचं आहे."

"नीलिमा, हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा आदेश आहे!"

"असेल. पण तो माझा राष्ट्राध्यक्ष नाही. आणि तुझाही नाही."

मार्टिननं चष्मा काढून डोळे चोळले. "त्यांच्याकडून आपल्याला आणखी चार ट्रायल्स मिळतात. आपण आदेश मोडला असं झालं तर उद्या आपल्याला कोण विचारेल? त्या ट्रायल्समध्येही पेशंट आहेतच ना?"

खोटं बोलत नव्हता तो. म्हणूनच माझा पारा आणखी चढला. समोरचा नुसता मूर्ख असला तर भांडायला बरं पडतं.

"तू तो आदेश वाचलास?" मी विचारलं.

"कुठला?"

"राष्ट्राध्यक्षांचा. मूळ."

"मी कशाला वाचू? युनिव्हर्सिटीनं वाचला असेल."

"आणि युनिव्हर्सिटीतल्या माणसाला वाटत असेल की खात्यातल्या माणसानं वाचला असेल."

मीही वाचला नव्हता, हे मी त्याला सांगितलं नाही.

तिथून डॉक्टर फियोनाला गाठलं. ही ट्रायल आमच्याकडे तिच्या देखरेखीखाली चालते. न्यूरॉलॉजिस्ट आहे, कमी बोलते. तिनं काकांना तपासायला आत घेतलं, मलाही थांबवलं. काकांची डावी पापणी सकाळी ठीक वाटत होती. आता ती अर्धी खाली आली होती. ते मान मागे टाकून बघत होते.

फियोना म्हणाली, "एक मोठा श्वास घ्या आणि एका दमात जमेल तितके आकडे मोजा."

ही जुनी, साधी तपासणी आहे. छातीच्या स्नायूंत किती जोर आहे ते त्यातून कळतं. काका नेहमी मराठीतच मोजायचे. फियोनाला मराठी येत नाही, म्हणून कुठवर गेले ते मी सांगायचं, अशी आमची पद्धत पडली होती. गेल्या भेटीत काका चाळिशी ओलांडून माझ्याकडे बघून हसले होते. आज विशी पार केली आणि आवाज नाकातून यायला लागला. पंचवीसच्या आधीच थांबले.

"किती?" फियोनानं विचारलं.

मी सांगितलं. तिनं फक्त मान हलवली.

"काही नाही गं, रात्री झोप झाली नाही," काका म्हणाले. "ते टीव्हीवर दोन वाजेपर्यंत चर्चा चालली होती ना."

"टीव्ही बंद ठेवायचा आता!" मी ओरडलेच. फियोना दचकली. तिला वाटलं पेशंटला काहीतरी भयंकर सांगितलं.

काकांना डे वॉर्डमध्ये एक बेड मिळाला. काकूंना फोन केला. त्या आल्या, आणि आल्या आल्या काकांना म्हणाल्या, "त्या राष्ट्राध्यक्षाचं मेलं तुम्हाला काय पडलंय? त्याला माहीत तरी आहे का आपण लेंटनला राहतो?" मग कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. मला म्हणाल्या, "माझंच चुकलं. डबा मीच काढून दिला. मला वाटलं, जुन्या गोळ्या बदलून आणायच्या आहेत."

फियोना आणि मी तिच्या खोलीत बसलो. मी आदेश इंटरनेटवरून शोधून काढला आणि दोघींनी वाचला. भाषा किचकट, पण एक गोष्ट पहिल्या परिच्छेदातच लक्षात आली. तो आदेश ना माझ्या नावानं होता, ना हॉस्पिटलच्या, ना युनिव्हर्सिटीच्या. तो होता राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालच्या खात्यांच्या प्रमुखांना. परदेशी जाणाऱ्या पैशाचा आढावा घ्या, तोवर नवीन पैसे पाठवू नका, एवढंच त्यात होतं.

फियोना म्हणाली, "म्हणजे हा कायदा नाही?"

"मला विचारू नकोस. मी बी.फार्म. आहे," मी म्हटलं. "पण जिला ठाऊक असेल अशी एक बाई मला माहीत आहे. अमेरिका उठली की फोन करू."

दुपारी युनिव्हर्सिटीचं ऑफिस उघडलं तसा मी डेनीसला फोन लावला. डेनीस तिथल्या ग्रँट्स ऑफिसात बरीच वर्षं आहे. सरकारी पैसा आला की त्याच्या अटी वाचणं हेच तिचं काम. आमची ओळख फोनवरचीच, पण घट्ट. एकदा बाटल्यांची लेबलं उलटसुलट झाली होती, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ती निस्तरली होती.

"हनी, काल संध्याकाळपासून फोन थांबलेला नाही," ती म्हणाली. "बोल."

मी काकांची हकिगत सांगितली. श्रीखंडाच्या डब्यासकट. ती मोठ्यानं हसली, मग एकदम थांबली.

"तो बरा आहे ना?"

"नाही. म्हणून तर फोन केलाय. डेनीस, मला एवढंच सांग. हा राष्ट्राध्यक्ष एका सहीनं नॉटिंगहॅममधली गोळी थांबवू शकतो का?"

"तो काय करू शकतो ते आधी ऐक," ती म्हणाली. "राष्ट्राध्यक्ष सरकारी खात्यांचा बॉस आहे. तो त्यांना सांगू शकतो: थांबा, तपासा, अमुक आधी करा, तमुक नंतर. आणि ते ऐकतात. त्याची ताकद कमी समजू नकोस. काल सही झाली आणि आज माझी निम्मी टीम रडतेय. पण कुठल्या कामासाठी किती पैसा, हे काँग्रेस, म्हणजे आमची संसद, ठरवते. कायदा तिचा असतो. तिनं ठरवलेला पैसा त्याला आवडत नाही म्हणून कायमचा अडवून धरता येतो का, यावर आमच्याकडे कोर्टात भांडणं होतात. याही वेळी होणार. बहुतेक या आठवड्यातच कुणीतरी जज्जासमोर जाईल."

"ते जज्ज जेव्हा ठरवतील तेव्हा ठरवतील. माझा पेशंट आज बसलाय."

"तेच सांगतेय. तुझ्या कपाटातल्या बाटल्या केव्हाच विकत घेतलेल्या आहेत. आदेश म्हणतो नवीन पैसे पाठवू नका. विकत घेतलेली गोळी पुन्हा न घेतलेली होत नाही."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. "मग तुमच्या इमेलमध्ये 'सर्व काम थांबवा' कुठून आलं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "आदेशात होतं: आढावा घ्या. खात्यानं आम्हाला लिहिलं: परदेशी केंद्रांचे पैसे थांबवा. आमच्या वकिलांनी जपून राहायचं म्हणून लिहिलं: सर्व काम थांबवा. तुमच्याकडे काय झालं?"

"कपाट बंद."

"आणि तुझ्या पेशंटनं?"

"गोळीच बंद."

व्हाइट हाउसपासून लेंटनपर्यंत प्रत्येक टेबलावर तो हुकूम थोडा थोडा लठ्ठ होत आला होता. कुणी खोडसाळपणा केला नव्हता. प्रत्येकानं फक्त वरच्यापेक्षा जरा जास्त आज्ञाधारकपणा दाखवला होता. काकांना मी वेड्यात काढलं होतं, पण आमच्या सगळ्यांच्या साखळीतलं ते शेवटचं टोक होतं, एवढंच. सगळ्यात प्रामाणिक टोक, म्हणून सगळ्यात जास्त भोगणारं.

"हे मला लेखी दे ना," मी म्हटलं.

"आपण होऊन नाही देऊ शकत. वकिलांनी सगळ्यांना गप्प बसवलंय. पण ऐक. तू आत्ता विचारलंस ते चुकीच्या पद्धतीनं विचारलंस. 'आम्ही काम चालू ठेवू का' असं विचारशील तर नाहीच येईल. पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाठव. सेफ्टी क्वेरी. तिला आम्हाला त्याच दिवशी उत्तर द्यावंच लागतं. आणि ते उत्तर वकील देत नाहीत, आमचे डॉक्टर देतात."

बघा, हे असं असतं. दार तेच, पण कुठल्या बाजूनं ठोठावायचं ते आतल्या माणसालाच ठाऊक असतं. मी तिथल्या तिथे क्वेरी पाठवली. औषध अचानक थांबवल्यानं पेशंटला धोका आहे, थांबवण्याची तुमची सूचना चालू पेशंटांना लागू आहे का? हो किंवा नाही सांगा.

उत्तराची वाट बघत बसले. वॉर्डातून नर्सचा फोन आला. काकांना चहा गिळताना ठसका लागला होता.

फियोना उठून उभी राहिली. "मी थांबत नाही," ती म्हणाली.

आमच्याकडे एक तरतूद आहे. तिला अर्जंट सेफ्टी मेझर म्हणतात. ट्रायलमधल्या पेशंटच्या जिवाला धोका दिसला तर जबाबदार डॉक्टर त्या क्षणी लागेल ते करू शकते. परवानगी आधी नाही, कळवायचं नंतर. स्पॉन्सरला, औषध नियामकांना, एथिक्स कमिटीला, सगळ्यांना. पण नंतर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असोत, युनिव्हर्सिटी असो किंवा आमचा मार्टिन, त्या क्षणी पेशंटच्या बाजूला उभ्या असलेल्या डॉक्टरचा शब्द चालतो. ज्यांनी हा नियम केला त्यांना मी मनातल्या मनात हात जोडले.

फियोनानं प्रिस्क्रिप्शन लिहिलं. मी ते घेऊन खाली आले, तर कपाटासमोर मार्टिन उभा.

"तू उघडणार आहेस," तो म्हणाला.

"हो. फियोनानं लिहून दिलंय. ती जबाबदारी घेतेय, मी घेतेय. तुला नको असेल तर तू बाजूला हो. मी तुला बघितलंच नाही."

खरं सांगते, माझं रजिस्ट्रेशन जायची भीती होती. साताऱ्याहून पुण्याला आणि पुण्याहून इथे येऊन, सगळ्या परीक्षा पुन्हा देऊन मिळवलेलं रजिस्ट्रेशन. आपण बरोबर आहोत हे माहीत असलं तरी भीती वाटायची ती वाटतेच.

मार्टिन हलला नाही. म्हणाला, "मी वाचला तो."

"काय?"

"आदेश. तू गेल्यावर वाचला. तीनदा वाचला." त्याचा चेहरा पडला होता. "नीलिमा, त्यात आपलं नावच नाही. कपाट बंद करायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते मी केलं."

मग त्यानं बाटलीच्या नोंदीवर दुसरा साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं. ते त्याचं काम नव्हतं. मी बाटली घेऊन वॉर्डाकडे निघाले. मला कामाच्या ठिकाणी रडायला अजिबात आवडत नाही.

काकांनी गोळी घेतली. आम्ही तिघी पलंगापाशी उगीचच उभे राहिलो, जणू गोळी आमच्या बघण्यानं लवकर विरघळणार होती. तासाभरानं फियोनानं पुन्हा मोजायला सांगितलं. काका मोजत गेले. तिशीला पोचले. काकू तोंडाला पदर लावून मोजत होत्या, मीही मोजत होते. पुढे गेले. पस्तिशीच्या आसपास दम संपला. पापणी बरीच वर आली होती.

"थर्टी-सिक्स!" मी ओरडले. फियोना हसली. तिला हसताना मी क्वचितच बघते.

डेनीसच्या डॉक्टरांचं उत्तर आलं तेव्हा मी घरी निघायच्या बेतात होते. चालू पेशंटांचं औषध थांबवू नये, आमची सूचना त्यांना लागू नाही. एवढीच एक ओळ. दुसऱ्या दिवशी तीच ओळ युनिव्हर्सिटीनं सगळ्या देशांतल्या केंद्रांना पाठवली. म्हणजे बाकीच्या ठिकाणीही कपाटं बंद झाली होती तर. मार्टिननं त्याच सकाळी आमच्या इतर ट्रायल्सची यादी काढली आणि स्वतः प्रत्येक डॉक्टरला फोन केला. तुमचे चालू पेशंट चालूच राहतील म्हणून. मी त्याला चहा करून दिला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. डेनीस म्हणाली तसंच झालं. काही लोक कोर्टात गेले आणि एका जज्जानं आदेशाच्या बऱ्याचशा भागाला तात्पुरती स्थगिती दिली. सरकार अपिलात गेलं. ते भांडण मी हे लिहीत असताना चालूच आहे, आणि शेवट काय होईल ते मला ठाऊक नाही. राष्ट्राध्यक्षांची सही निव्वळ कागदावर राहिली असंही नाही. मधल्या काळात आमच्याकडे नवीन पेशंट घेणं थांबलं. डर्बीची एक शाळेतली शिक्षिका ट्रायलमध्ये यायची होती, तिला महिनोन्महिने ताटकळावं लागलं. तिला फोन करून नाही म्हणायचं काम माझ्यावर आलं आणि तो फोन मी विसरणार नाही. मग इथल्याच एका धर्मादाय संस्थेनं पुढचा खर्च उचलला आणि तिला गेल्या महिन्यात पहिली बाटली मिळाली. ती तिनं दोन्ही हातांनी घेतली.

आता मला लोक विचारतात, आमच्या मराठी मंडळातही विचारतात, की हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष खरंच एवढा ताकदवान असतो का. मी सांगते, असतो. पण त्याची निम्मी ताकद त्याची स्वतःची, आणि उरलेली निम्मी आपण त्याला घाबरून देतो. पहिल्या निम्म्याचं काय करायचं ते त्यांची काँग्रेस आणि त्यांचे जज्ज बघतील. दुसऱ्या निम्म्याचं आपण बघायचं. त्यासाठी फार शौर्य लागत नाही. आदेश आला की आधी तो वाचायचा, कुणाला उद्देशून आहे ते बघायचं आणि मग घाबरायचं असेल तर घाबरायचं.

पुढच्या भेटीत काका आले तेव्हा चालण्यात पुन्हा तो इन्स्पेक्टरचा रुबाब होता. मी नवीन बाटली खिडकीतून पुढे सरकवली. या गोळीच्या बाटलीवर इथल्या नियमानं एक लेबल असतं. ते मी त्यांना मोठ्यानं वाचायला लावलं. मला खात्री करून घ्यायची होती. काकांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्याशिवाय हे औषध घेणं थांबवू नये.

पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. बाटली फिरवून मागची बाजूही बघितली.

"यात राष्ट्राध्यक्ष कुठे नाहीच," ते म्हणाले.

"नाही, काका. यात फक्त डॉक्टर आहे."

"मग ठीक आहे," म्हणाले. बाटली कोटाच्या आतल्या खिशात नीट ठेवली आणि बस पकडायला निघाले.